बर्डीकरांसाठी हिवाळी टायर : निवड, निगा आणि मुक्काम

माझा भाचा माँट्रियलला असतो. दर १ डिसेंबरला त्याचा फोन येतो आणि तब्येतीची चौकशी करायच्या आधी तो विचारतो, "मामाजी, टायर बदलले का?" त्याच्या क्युबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च गाडीला हिवाळी टायर लावणं कायद्यानं सक्तीचं आहे. नाही लावले तर दोनशे-तीनशे डॉलर दंड. मी राहतो नागपूरच्या सीताबर्डीत, म्हणजे बर्डीत, मोदी नंबरच्या गल्ल्यांत. इथं कायदा एवढाच की जागा दिसली की गाडी लावा, आणि एकदा लावली की हलवू नका. पण भाच्याचं मन मोडवत नाही. म्हणून गेल्या वर्षी मी या विषयात खोलवर शिरलो. जे हाती लागलं ते बर्डी आणि परिसरातल्या क्रॉसओव्हरधारक कुटुंबांसाठी इथं मांडतो आहे.

आधी आपली गाडी क्रॉसओव्हर आहे की नाही ते पाहून घ्या. उंची जीपची, काळीज मारुती आठशेचं आणि हप्ते सात वर्षांचे, अशी असेल तर आहे. शोरूममध्ये तिला डोंगरावर चढवलेली फिल्म दाखवतात. आपल्याकडे ती वर्षातून एकदा चिखलदऱ्याला जाते, तेही पाहुणे आले तर.

आता पहिली पायरी : हिवाळा आला का ते ठरवणे. जगभरचा संकेत सात अंशांचा आहे. हवा सात अंशांच्या खाली गेली की साध्या टायरचं रबर कडक होतं आणि त्याची रस्त्यावरची पकड सुटायला लागते. हिवाळी टायरचं रबर मऊ असतं, त्याच्या नक्षीत ब्लेडनं मारल्यासारख्या बारीक चिरा असतात, आणि त्या चिरा बर्फाला धरून राहतात. नागपूरला हे अगदीच लागू नाही असं समजू नका. २९ डिसेंबर २०१८ च्या पहाटे इथं पारा ३.५ अंशांवर आला होता. म्हणजे कायदेशीर नाही तरी नैतिकदृष्ट्या त्या दिवशी आपण सगळे चुकीच्या टायरवर दूध आणायला गेलो होतो.

अडचण उरते ती उरलेल्या वर्षाची. याच गावात २३ मे २०१३ ला ४७.९ अंशांची नोंद आहे. ३० मे २०२४ ला तर इथल्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले. पुढं हवामान खात्यानं सांगितलं की यंत्र बिघडलं होतं. आमच्या गल्लीत मात्र तो आकडा सगळ्यांना पटला होता. अशा उन्हात हिवाळी टायर नेला तर तो फळ्यावरच्या खडूसारखा झिजेल. तेव्हा शास्त्रशुद्ध पद्धत अशी : डिसेंबर-जानेवारीत पहाटे चारला उठून थर्मामीटर बघावा. सातच्या खाली असेल तर जॅक लावून चारही चाकं बदलावीत, दूध आणावं, आणि ऊन गच्चीच्या कठड्यावर यायच्या आत परत जुनी चाकं चढवावीत. वीस नट काढायचे, वीस लावायचे, पुन्हा वीस काढायचे, पुन्हा वीस लावायचे. थंडी वाजत नाही.

थर्मामीटर नसेल तर दुसरी खूण आहे. नागपुरात 'हिवाळी' हा शब्द टायरच्या आधी अधिवेशनाला लागतो. १९५३ च्या नागपूर करारानुसार विधिमंडळाचं वर्षातलं एक अधिवेशन इथं भरतं, बहुधा डिसेंबरात. साहेब लोकांच्या वाटेवर काळंशार डांबर पडलं, दुभाजकाला ताजा पिवळा-काळा रंग लागला, की थंडी पंधरा दिवसांवर आली असं धरावं. पण त्या डांबरावर टायर तपासायला जाऊ नका. मोर्चे मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटला अडतात, त्यामुळं बर्डीतली गाडी बर्डीतच अडते.

दुसरी पायरी, खरेदी. मी टायरच्या दुकानात जाऊन म्हटलं, "हिवाळी दाखवा." दुकानदारानं माझ्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं. "काकाजी, स्वेटर तिकडं भेटते, तिबेटी लोकाइकडे. इथं टायर भेटते." मी त्याला समजावून सांगितलं. फिनलंडमध्ये १९३४ सालीच बर्फासाठी वेगळा टायर निघाला हेही सांगितलं. तो म्हणाला, "मग तिथूनच आना ना जी."

अस्सल हिवाळी टायर ओळखायची खूणही लक्षात ठेवा. त्याच्या बाजूवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण कोरलेला असतो. इथं एक तांत्रिक पेच आहे. सीताबर्डीला टेकड्या दोनच, एक मोठी आणि एक लहान. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ला अप्पासाहेब भोसल्यांच्या फौजा आणि इंग्रज यांची लढाई झाली ती याच दोन टेकड्यांवर. तेव्हाही कोणाला तिसरी सापडली नाही. त्यामुळं आपला हक्क दोन शिखरांपुरताच. चढाची चाचणी घ्यायची म्हटलं तर टेकडीवरचा किल्ला सर्वसामान्यांना उघडतो २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टला. त्यातला हिवाळ्यात येणारा दिवस एक, आणि त्या दिवशीही वर पायीच जावं लागतं.

या टप्प्यावर मी गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या पंक्चरवाल्याला बोलावलं. नव्या चाकांचं माप घ्यायचं होतं. माप बाजूवरच लिहिलेलं असतं : २१५/६० आर १७. म्हणजे रुंदी २१५ मिलिमीटर, उंची रुंदीच्या साठ टक्के, रिम सतरा इंची. एवढं मी पाठ केलं होतं. तो मात्र मापाकडं न बघता उकिडवा बसला. हातातल्या ओल्या फडक्यानं टायरची बाजू पुसली आणि एका अंडाकृती चौकटीत कोरलेल्या चार आकड्यांवर बोट ठेवलं : ३११८.

"दोन हजार अठराचा एकतिसावा हप्ता," तो म्हणाला. "गाडी किती चालली?"

"बावीस हजार."

त्यानं नक्षीत नख घातलं. खोबणीच्या तळाशी लहान उंचवटे असतात, नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की उरली १.६ मिलिमीटर, आणि टायर कायद्यानं संपला. माझी नक्षी त्याच्या तिप्पट होती. मी खूश झालो. मग त्यानं बाजूवर अंगठा दाबला, आणि त्या जागी मे महिन्यातल्या काळ्या रानाला पडतात तशा बारीक भेगा उघडल्या. अंगठा काढला, मिटल्या. पुन्हा दाबला, पुन्हा उघडल्या.

"हे चालून नाई मेले, काकाजी. हे बसून बसून मेले."

मला वाटलं तो माझ्याबद्दल बोलतो आहे. पण खरं होतं ते. टायर फिरत राहिला की त्याच्या रबरात मिसळलेलं मेणासारखं द्रव्य हळूहळू बाहेर येतं आणि उन्हा-हवेपासून त्याला जपतं. उभ्या गाडीत ते थांबतं. ऊन एकाच बाजूनं लागतं, भार एकाच जागी पडतो, हवा उतरत जाते. मेट्रो आल्यापासून मी बर्डीच्या स्टेशनवरून सगळीकडं जातो. गाडी कडुलिंबाखाली उभी असते, कारण काढली तर ती जागा परत मिळायची नाही. साडेबारा लाखांची वस्तू मी साडेसहा बाय चौदा फुटांची जागा धरून ठेवायला वापरत होतो. रुमाल टाकला असता तरी चाललं असतं.

तिसरी पायरी, हवा. हा भाग गंमत सोडून वाचा. हवेचा आकडा टायरवर नव्हे, ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो, आणि तो गार टायरसाठी असतो. तापमान साधारण साडेपाच अंशांनी बदललं की दाब एका पीएसआयनं बदलतो. डिसेंबरात दुपारी तीस अंशांना भरलेली हवा पहाटे बारा अंशांना तीन-साडेतीननं कमी असते. नागपुरात हिवाळी टायर म्हणून काही असेल तर तो इतकाच. उन्हाळ्यात "टायर फुटतो" म्हणून मुद्दाम हवा कमी ठेवणारे आपल्यात पुष्कळ आहेत. उलटं आहे ते. कमी हवेत टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात दबते, उठते, दबते, आणि त्या दबण्या-उठण्यानं आतून तापते. फुटतो तो त्यानं.

बर्डीतल्या ताशी आठ किलोमीटरच्या वेगात यातलं काही कळत नाही. शिवमडक्याला समृद्धी महामार्गावर चढलं की कळतं. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डीचा पहिला ५२० किलोमीटरचा टप्पा सुरू झाला आणि वर्षभर गल्लीत बसलेली टायरं एकदम १२० च्या वेगानं सिमेंटच्या रस्त्यावर पळू लागली. टायर फुटून अपघात झाले, आणि मग परिवहन खात्याचे लोक रस्त्यावर चढणाऱ्या गाड्यांचे टायर तपासू लागले. लग्नाला निघालेलं आठ माणसांचं कुटुंब तिथं उतरून चाकांकडं बघत उभं असतं. काहीजण त्याच वेळी आयुष्यात पहिल्यांदा बघतात.

नायट्रोजनबद्दल विचारणा होते. घ्या, वाईट नाही, दाब थोडा सावकाश उतरतो. फक्त साध्या हवेतही अठ्ठ्याहत्तर टक्के नायट्रोजनच असतो. आपण पैसे मोजतो ते उरलेल्या बावीसचे.

चौथी पायरी म्हणजे बिनमोसमी चाकांची साठवण. ग्रंथकार सांगतात की चाकं थंड, कोरड्या, अंधाऱ्या जागी ठेवावीत. रिमसकट असतील तर आडवी एकावर एक, नुसते टायर असतील तर उभे. थंड जागा! नागपुरात थंड जागा असती तर आपण स्वतःच तिथं राहिलो नसतो का? पण इथं मला आपल्या संस्कृतीचा अभिमान वाटला. ऋतू बदलला की अवजड वस्तू उतरवायची आणि चढवायची शिस्त माँट्रियलच्या लोकांनी आत्ता कायद्यानं लावून घेतली, आपण ती कूलरसाठी कायद्याशिवाय पाळतो. मार्चमध्ये माळ्यावरून कूलर खाली येतो, ताट्या नव्या बसतात, पंप पहिल्या दिवशी चालत नाही, घरातले सगळे एकमेकांवर ओरडतात. पावसाळा लागला की तो परत वर. हिवाळी चाकं कूलरच्या जागी, कूलर चाकांच्या जागी, असा सरळ व्यवहार आहे. मी सौ.ला हे नीट आकृती काढून समजावलं. तिनं आकृतीच्या कागदावर वाण्याची यादी लिहिली.

धार्मिक बाजू थोडक्यात. नवीन चाकं टेकडी गणपतीला नेणं बंधनकारक. चारही चाकांखाली लिंबू ठेवून गाडी पुढं घ्यावी. चारही लिंबं सारखीच चिरडली तर भटजी समाधानी. माझ्या अनुभवानं अलाइनमेंटवालाही त्याहून फार वेगळं काही करत नाही, फक्त पावती देतो.

तर मी चार नवे टायर घेतले. साधेच. चौकटीतले आकडे दुकानातच ओल्या रुमालानं पुसून वाचले, दोन महिन्यांपूर्वीचे निघाले. दुकानदार म्हणाला, "काकाजी, आता शिकले तुम्ही." जुन्या चारांपैकी एकात सौ.नं गवती चहा लावला. एकावर वॉचमन बसतो. दोन माळ्यावर कूलरशेजारी आहेत, का ते मला विचारू नका.

निगेची शेवटची सूचना : आठवड्यातून एकदा गाडी निदान पंधरा-वीस मिनिटं चालवावी, टायर आणि बॅटरी दोघांसाठी. पहिल्या रविवारी मी काढली. व्हेरायटी चौकापर्यंत गेलो, वळलो, मुंजे चौकातून परत आलो. कडुलिंबाखाली एक पांढरी क्रॉसओव्हर उभी होती. टायर बघितले, दोन हजार सतराचे. म्हणजे लवकर हलणार नव्हती. पाऊण तास गल्ल्यांमधून फिरून शेवटी पंक्चरवाल्याच्या टपरीसमोर जागा मिळाली.

त्यानं गेज लावून चारही बघितले. "पस्तीस-पस्तीस. गरम हाय, पण बरोबर हाय." मग पांढऱ्या गाडीकडं हनुवटी केली. "सकाळपासून फिरून रायला होता बिचारा. त्याच्या भाच्याचा फोन आला असन."