मेतकूट चाललं आल्प्सला

आयर्लंडचं सर्वांत उंच शिखर कॅरनटूहिल, जेमतेम १,०३८ मीटर. आपली कळसूबाई १,६४६. आयर्लंडमध्ये बर्फ टिकेल तर शपथ. म्हणून डब्लिनजवळ किलटर्ननला स्की क्लबाने उतारावर चक्क प्लास्टिक अंथरलंय. पावसात त्यावर आपटायला शिकायचं, मग खऱ्या बर्फात आपटायला फ्रान्सचं विमान पकडायचं.

सामान बांधताना मात्र दोन संस्कृतींचं एकमत. आयरिश माणूस कॉर्कच्या, १९०१ पासूनच्या बॅरीज चहाच्या पुड्या हेल्मेटमध्ये कोंबतो. डब्लिनकर मराठी कुटुंब मेतकूट, लसणीची चटणी आणि छोटा कुकर. (थर्मल मोजे? राहिले वाटतं.) आल्प्समध्ये समोर राक्लेट येतं: वितळलेलं चीज, उकडलेले बटाटे, व्हिनेगरमध्ये मुरवलेल्या काकड्या. “वरून फोडणी हवी होती,” काकू जाहीर करतात. काका तोवर तिसऱ्यांदा ताट पुढे करतात.

कुकरची थट्टा नको हं. दोन हजार मीटरांवर पाणी ९३ अंशांच्या आसपासच उकळतं, उघड्या पातेल्यात तुरीची डाळ दाद देत नाही. पहिल्या शिट्टीला शेजारच्या खोलीतले लोक जिन्याकडे धावतात, तिसरीला वास घेत परत येतात.

स्कीचा वर्ग नऊला. पोहे साडेआठला. प्रशिक्षकाने कारण विचारणं सोडलंय. हल्ली तोही साडेआठलाच येतो.