बिनदुधाचे नाना

कुणाच्याही घरी गेले की नाना चपला काढता काढताच सांगून टाकतात, "वहिनी, चहा कोरा बरं का!" आणि कुणी 'का' विचारायच्या आत थेट लहान आतड्यात शिरतात. दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज. ती पचवणारं लॅक्टेज बाळपणी भरपूर असतं, पुढे बहुतेकांचं आटत जातं. मग न पचलेलं लॅक्टोज मोठ्या आतड्यात उतरतं, तिथले जिवाणू त्यावर ताव मारतात आणि वायू सोडतात. पुढचं वर्णन हातात पोह्यांची बशी असताना ऐकवत नाही. "जगातल्या दोनतृतीयांश मोठ्या माणसांची हीच गत आहे," असं ते निवडून आलेल्या उमेदवाराच्या थाटात सुनावतात.

निदान व्हायच्या आधी नानांनी हरभऱ्याची डाळ, कॅन्टीनचं तेल आणि साहेबाचा स्वभाव, सगळ्यांना दोष देऊन पाहिला. अखेर श्वासातला हायड्रोजन मोजणारी तपासणी झाली. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो. नाना नळीत फुंकून आले आणि ताकावर स्थिरावले.

आता त्यांचं पथ्य कडक आहे. म्हणजे ऐकायला. विरजणातले जिवाणू थोडं लॅक्टोज आधीच संपवतात, म्हणून दही चालतं. तुपात ते जवळपास नसतंच, म्हणून वरणभातावर तुपाची धार. चक्का टांगला की बरंचसं पाण्याबरोबर निथळून जातं, म्हणून श्रीखंड दोन वाट्या. पेढा मात्र वर्ज्य. खव्यात लॅक्टोज आटून दाट होतं. आणि प्रसादाचा पेढा? "प्रसाद बाधत नाही हो!" विज्ञान तेवढ्यापुरतं चपलांबरोबर देवळाबाहेर राहतं.

शेजारच्या काकू देशी गाईच्या ए-टू दुधाचा आग्रह धरतात. "ए-टू हा प्रथिनाचा प्रकार, काकू. गाय देशी असो की जर्सी, लॅक्टोज साधारण तेवढंच," हे नाना जिन्यात उभं राहून समजावतात. कॅल्शियमसाठी नाचणीची आंबील आणि तिळाची चटणी. बिस्किटाच्या पुड्यावरचा बारीक मजकूर वाचायला खिशात भिंग. औषधाच्या गोळ्यांतही लॅक्टोज भरतात हे कळल्यापासून केमिस्ट त्यांना पाहून आत जातो.

कोजागरीला गच्चीवर सगळे मसाला दूध पितात, नाना थर्मासमधून बदामाचं पाणचट दूध. चेहरा एकादशीचा.

लग्नाच्या पंगतीत मात्र लेकीनं अमेरिकेहून पाठवलेल्या लॅक्टेजच्या गोळ्या बाहेर निघतात. बासुंदीचा वाढपी समोर आला की नाना हातानं त्याला थोपवतात, गोळी तोंडात टाकतात, पाण्याचा घोट घेतात.

"हं, वाढा आता. आणि जरा तळापासून ढवळा, चारोळ्या खाली राहिल्यात."