लोह्यात बसून जपानी नाणी कशी जमवावीत

जुनी जपानी नाणी आणि नोटा जमवायला योग्य गाव कोणतं, असं विचारलं की लोक तोक्यो, ओसाका अशी नावं घेतात. ही उत्तरं नवशिक्यांची. ओसाकात 1871 पासून टांकसाळ आहे. तिथे जपानी नाणं सापडणं म्हणजे विहिरीत उतरून पाणी शोधणं. खरा कस लागतो तो लोह्यात. नांदेड-लातूर रस्त्यावरच्या या गावात जपान म्हटल्यावर मोटारसायकलीच्या पलीकडे कुणाला फारसं काही आठवत नाही. त्यामुळे स्पर्धा नाही आणि तज्ज्ञही नाही. पहिल्या नाण्यालाच तुम्ही तालुक्यातले सर्वांत मोठे जपानी नाणेसंग्राहक होता.

छंद जाहीर करण्याआधी घरच्यांची तयारी करून घ्यावी. "रुपये कमवायचं सोडून भोकाचे पैसे काय जमवायलास?" हा प्रश्न येणारच. त्यावर वाद न घालता "गुंतवणूक आहे" एवढंच म्हणावं. या शब्दापुढे मराठवाड्यातली वडीलधारी माणसं गप्प बसतात, कारण त्यांच्या ओळखीत या शब्दाने बुडालेला एक तरी माणूस असतो आणि त्याचं दुःख उकरायला कुणी धजत नाही.

साहित्य फार लागत नाही. घड्याळजीकडचं डोळ्याला लावायचं भिंग, सोनाराकडचा ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत दाखवणारा काटा आणि एक चुंबक. काटा बरोबर आहे की नाही हे पाहायला जपान सरकारनेच सोय करून ठेवली आहे. त्यांचं 1 येनचं नाणं अ‍ॅल्युमिनियमचं असून बरोबर 1 ग्रॅम भरतं. सोनाराच्या काट्यावर ते त्याच्यादेखत ठेवू नये. संबंध बिघडू शकतात.

चुंबक मात्र खिशातच ठेवावं. हातात चुंबक आणि तोंडात "जुनं नाणं आहे का?" असा माणूस आपल्या भागात दिसला की लोक त्याला तांदूळ ओढणाऱ्या नाण्याचं गिऱ्हाईक समजतात. तांब्याचं एक चमत्कारी नाणं असतं, ते तांदळाचे दाणे खेचतं आणि कुठली तरी अंतराळ संस्था ते कोट्यवधींना घेते, अशी ही योजना. त्या नाण्यावर बहुधा रामदरबार असतो, मागे ईस्ट इंडिया कंपनीचं नाव आणि 1818 साल. कंपनीने असलं नाणं कधीच पाडलं नाही. देवळाबाहेर विकायला केलेली ती टोकनं आहेत. पण ज्याने त्यात पैसे घातले त्याला हे सांगायला जाऊ नये, तो तुम्हालाच दुसऱ्या पार्टीचा दलाल समजेल.

आता वाचन. जपानी नाण्यावर इसवी सन नसतो, सम्राटाच्या राजवटीचं वर्ष असतं. शोवा राजवटीच्या वर्षात 1925 मिळवले की इसवी सन निघतो. पुण्या-मुंबईचे संग्राहक इथे गडबडतात आणि पुस्तकं मागवतात. लोह्याच्या माणसाला त्याची गरज नाही. ज्याने जमिनीच्या भांडणात तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून निजामाच्या काळातली नक्कल काढली, त्याला फसली सन येतो. फसलीत 590 मिळवायचे, महिना पाहून 591. लग्नपत्रिकेवरच्या शकात 78, नाही तर 79. निजामाच्या नाण्यावर तर हिजरी, तिथे नुसत्या मिळवणीने भागतच नाही, कारण चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान. जपानने शरणागती जाहीर केली तो 15 ऑगस्ट 1945 हा दिवस आपल्याकडे शके 1867, हिजरी 1364 आणि फसली 1354 अशा तीन हिशेबांत एकाच वेळी चालू होता. त्यात शोवा 20 ची भर पडल्याने काही बिघडत नाही. शिवाय युद्धापूर्वीच्या जपानी नाण्यांवरची आडवी अक्षरं उजवीकडून डावीकडे वाचायची असतात. ज्या आजोबांची शाळा उर्दूत झाली, त्यांना सवय आहे.

आकडे सोपे आहेत. एक म्हणजे एक आडवी रेघ, दोन म्हणजे दोन, तीन म्हणजे तीन. चारपासून मात्र जपानी माणूस शब्द फिरवतो.

पहिलं नाणं भाच्याकडून येतं. पुण्यात जपानी भाषा शिकलेला, कंपनीने सहा महिने तिकडे पाठवलेला एक भाचा प्रत्येक घराण्यात असतो. नसल्यास शेजाऱ्याचा धरावा. तो मामासाठी चॉकलेटं आणतो आणि बॅगेच्या तळाशी चुकून राहिलेली चिल्लर आणतो. चॉकलेटं मुलांना द्यावीत. चिल्लरीत पितळी रंगाचं, मधोमध गोल भोक असलेलं नाणं असेल, ते 5 येन. चलनातल्या बाकी सगळ्या जपानी नाण्यांवर आपल्याला कळणारा आकडा असतो, यावर नाही. त्यावर भाताची लोंबी, पाण्याच्या रेघा आणि भोकाभोवती दातेरी चाक आहे. शेती, मासेमारी, कारखाना. हे नाणं गल्लीत दाखवलं की एखादी आजी म्हणेल, "हा तर आमच्यावेळचा भोकाचा पैसा." तिचंही खरं आहे. 1943 ते 1947 दरम्यान इंग्रजांनी तांबं वाचवायला भोकाचा पैसा पाडला होता. वाद न घालता नमस्कार करावा आणि तिच्याकडे अजून एखादा आहे का, विचारावं.

खरोखर जुनं हवं असेल तर 'कान्एइ त्सूहो' शोधावं. 1636 पासून पुढे दोनशेहून अधिक वर्षं हे चौकोनी भोकाचं नाणं ओतलं गेलं, तांब्याचं आणि पुढे लोखंडाचंही. भोकातून दोरी ओवून लोक माळा करून नेत. शिवाजी महाराज लहान होते तेव्हापासूनचं नाणं म्हणून ऊर भरून येतो, पण ते इतकं अमाप निघालं की किंमत फार नाही. म्हणून घेणाऱ्याला फक्त वय सांगावं.

नोटांकडे वळण्याआधी एक कबुली जपान सरकारच्या वतीने. त्यांची 1885 सालची 1 येनची नोट आजही तिथे कायदेशीर चलन आहे. 8 नोव्हेंबर 2016 ची रात्र ज्यांनी पाहिली त्यांनी हे वाक्य सावकाश, बसून वाचावं.

नोटांच्या बाबतीत नांदेड जिल्ह्याचा हक्क दुहेरी आहे आणि तो कुणी मांडलेला नाही. डिसेंबर 1941 मध्ये जपानी फौजा मलायात कोटा बारूला उतरल्या, तेव्हा तिथल्या विमानतळाच्या पहाऱ्यावर हैदराबाद इन्फन्ट्रीची पहिली पलटण होती. म्हणजे निजामाची, म्हणजे आपल्याच संस्थानाची. जपानी सैन्याने जिंकलेल्या मुलखात स्वतःच्या नोटा छापल्या. मलायासाठी डॉलरच्या, ब्रह्मदेशासाठी चक्क रुपयांच्या. मलायाच्या नोटेच्या अक्षरांची सुरुवात 'एम'ने, ब्रह्मदेशाच्या 'बी'ने. 'द जपानीज गव्हर्नमेंट' असं त्यावर इंग्रजीत छापलेलं. 10 डॉलरच्या नोटेवर केळीचं झाड होतं, म्हणून तिकडे लोक त्या पैशाला केळ्याचा पैसा म्हणत. नोटा बेसुमार छापल्या गेल्या आणि युद्ध संपताच रद्दी झाल्या. आता अर्धापूरच्या केळ्यांचा जिल्हा, पलटण आपली आणि नोटेवर केळी. तरीही या नोटेचा मोठा संग्रह नांदेडला नसावा, हा मराठवाड्याच्या अनुशेषाचाच भाग समजून निवेदन द्यायला हरकत नाही.

तर ही नोट शोधण्यासाठी घरातल्या जुन्या ट्रंका उघडाव्या लागतात, आणि इथेच नवशिक्यांचा घात होतो.

ट्रंकेत केळ्याची नोट नसते. तिथे जुनी पैठणी, फसलीतले दस्त, एखादा बंद पडलेला अडकित्ता आणि फडक्यात बांधलेले चांदीचे रुपये असतात. रुपयावर चारमिनार असेल. संग्राहकाने मन घट्ट करून फडकं पुन्हा बांधावं, कारण हे जपानी नाही. हा निजामाचा हाली रुपया, आणि तुम्ही जपानी नाण्यांचे संग्राहक आहात. तरीही भिंग हातात असल्याने नजर जातेच, म्हणून काय दिसेल ते आधीच सांगून ठेवतो, म्हणजे वेळ जाणार नाही. चारमिनारच्या कमानीत उर्दूतलं एक अक्षर दिसेल. 'मीम' असेल तर महबूब अली खान, 'ऐन' असेल तर उस्मान अली खान. खाली हिजरी साल. शिवाय कुठे तरी एकटाच 92 हा आकडा. तो पाहून लोक 1892 समजतात आणि नाण्याचं वय वाढवतात. वास्तविक चारमिनारवाला रुपया 1903-04 पासूनचा. 92 ही अक्षरांना अंक देणाऱ्या अबजद पद्धतीने केलेली 'मुहम्मद' या नावाची बेरीज. बिस्मिल्लाची बेरीज 786 येते ती याच पद्धतीने. गावात 786 क्रमांकाची नोट जपून ठेवणारे, लाखाला जाईल म्हणून वाट पाहणारे पुष्कळ. त्यांच्याच घरच्या फडक्यातला 92 त्यांनी कधी पाहिलेला नसतो.

हाली रुपया इंग्रजांच्या रुपयापेक्षा, म्हणजे कलदारापेक्षा, हलका. शंभर कलदार द्यायचे तर 116 रुपये 10 आणे 8 पै हाली मोजावे लागत, म्हणजे सहाला सात. हा भाव कुणाच्या मनात आला म्हणून ठरला असं नाही. कलदार 11.66 ग्रॅमचा आणि पावणेब्याण्णव टक्के चांदीचा; हाली 11.18 ग्रॅमचा आणि 82 टक्क्यांच्या आसपास. गुणाकार करून पाहा, चांदीचं प्रमाण जवळपास तेच सहास सात निघतं. 1940 च्या दशकात दोघांचीही चांदी निम्म्यावर आली. निजामाच्या नोटा 1918 पासूनच्या आणि त्यांच्यावर उर्दूबरोबर मराठी, तेलुगू आणि कन्नडही. आपल्या गावात एकेकाळी मराठी लिहिलेली नोट खिशात घेऊन लोक बाजाराला जात होते, आणि त्यांची नातवंडं आज जपानी अक्षरांचे तक्ते पाठ करत बसली आहेत. यात हसण्यासारखं काही नाही, हा लेखही त्यांच्यासाठीच आहे. फडकं बांधलंत का?

ते बांधलं तरी धोका टळत नाही. घरात चांदी निघाली ही बातमी सोनारापर्यंत पोचते. सोनाराच्या दृष्टीने निजाम, जपानचा सम्राट मेजी आणि व्हिक्टोरिया यांच्यात फरक वजनाचा. तो नाणं मोडीत घेतो, घट धरतो आणि कडी लावलेली असेल तर डाकाचं वजन वजा करतो. तांड्यावरच्या आज्यांच्या गळ्यात रुपयांच्या ज्या माळा असत, त्यांतल्या कितीतरी अशाच आटल्या.

बाहेरची खरेदी करायची तर वर्षातून एकदा संधी. तालुक्यातच माळेगावला मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला खंडोबाची यात्रा भरते. घोडे, उंट, गाढवं, खेचरं, तमाशाचे फड, सगळं आहे. कोपऱ्यात अंगठ्यांच्या खड्यांशेजारी जुन्या नाण्यांचं फडकं पसरलेला एखादा बसलेला असतो. त्याला "जपानी आहे का?" असं कधीही विचारू नये. विचारलंत तर त्याच्या फडक्यावरची सगळी नाणी त्या क्षणी जपानी होतील. त्याऐवजी घोडेबाजारात आधी तासभर नुसतं उभं राहावं. दात पाहून वय ओळखणं, मालकाने सांगितलेलं वय ऐकून न ऐकल्यासारखं करणं, उपरण्याखाली बोटांनी सौदा करणं, हे शिक्षण नाणेशास्त्राच्या कुठल्याही संस्थेत मिळत नाही. नाशिकजवळ अंजनेरीला नाण्यांच्या संशोधनाची चांगली संस्था आणि संग्रहालय आहे, तिथेही अवश्य जावं. पण तिथे घोडे नाहीत.

फोनवर येणाऱ्या खरेदीदारांपासून सावध. वैष्णोदेवीचं 2012 चं नाणं दहा लाखांना घेणारा माणूस आधी नोंदणीचे काही हजार मागतो. रिझर्व्ह बँकेच्या नावाने हे इतकं बोकाळलं की बँकेला ऑगस्ट 2021 मध्ये जाहीर करावं लागलं, आम्ही असल्या व्यवहारात नाही आणि कुणाला कमिशन गोळा करायला नेमलेलं नाही.

नाणं घरात आलं की त्याला चिंच, लिंबू, राख आणि पितांबरीपासून वाचवावं. घासलेल्या नाण्याची संग्राहकांच्या बाजारात किंमत पडते. जगभर नाण्यांची प्रत न वापरलेलं, थोडं झिजलेलं, फार झिजलेलं अशी ठरते. आपल्याकडे आणखी एक प्रत आहे: देवघरातलं. धनत्रयोदशीला पंचामृताने धुतलेलं, हळदीकुंकवाचे थर बसलेलं आणि दर वर्षी घासून गुळगुळीत केलेलं. 5 येनचं नाणं कुणी पूजेत मांडलं तर दोन दिवाळ्यांत लोंबी जाते आणि चाक उरतं.

शेवटी कायदा. जुन्या पाचशे-हजाराच्या नोटा दहापेक्षा जास्त बाळगणं 2017 च्या कायद्याने गुन्हा आहे, पण अभ्यास, संशोधन किंवा नाणेसंग्रहासाठी 25 पर्यंत ठेवता येतात. या छंदात सरकारने दिलेली ही एकमेव ठोस सवलत. कंधारच्या किल्ल्याभोवती यंत्र घेऊन फिरू नये. जमिनीत सापडलेला, दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा 1878 च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. ही दहा रुपयांची मर्यादा तेव्हापासून महागाई भत्त्याशिवाय टिकून आहे.

राहता राहिली अदलाबदल. भाच्याच्या ओळखीचा एखादा जपानी संग्राहक निघालाच, तर तो येन घेणार नाही, त्याच्याकडे येन भरपूर आहेत. तो चारमिनारचा रुपया मागेल. म्हणजे फडकं पुन्हा सोडावं लागणार. इथे 1972 चा पुरावस्तू कायदा आडवा येतो. शंभर वर्षं पूर्ण झालेलं नाणं खासगी माणसाला देशाबाहेर धाडता येत नाही. म्हणून कमानीतलं 'ऐन' पाहून झालं की खालचं हिजरी साल नीट वाचा. शंभर वर्षं भरली असतील तर ते गेलं.  ट्रंकेतले जुने रुपये एकेक करून कायद्याच्या पलीकडे सरकले आहेत. जपानी माणसाला द्यायचाच तर 1360 च्या पुढचा, निम्म्या चांदीचा निवडा. भाच्यालाही तोच दाखवा, आणि बाकीचे कुठल्या ट्रंकेत आहेत ते त्याला सांगू नका.