सहा महिन्यांनी, तारीख घालून

'फुल बॉडी चेकअप'ची पॅकेजं पाहा. साखर, थायरॉइड, बी-12 यांच्या खाली बऱ्याच ठिकाणी 'कॅन्सर मार्कर' म्हणून एएफपी (अल्फा-फिटोप्रोटीन) ही लिव्हरच्या कॅन्सरची रक्ततपासणी असते. तिशीतला ठणठणीत माणूस ती करून घेतो आणि आकडा नॉर्मल आला की निर्धास्त होतो. ही तपासणी त्याच्यासाठी नाहीच. ती हवी या कॅन्सरचा धोका असलेल्यांना : सिरॉसिस होऊन लिव्हर निबर झालेल्याला किंवा जुनाट हिपॅटायटिस बी असलेल्याला, आणि तीही सोनोग्राफीच्या जोडीने, दर सहा महिन्यांनी. पॅकेज खपवायला लॅबमधून फोनवर फोन येतात, सिरॉसिसच्या पेशंटला आठवण करायला एकही येत नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

सिरॉसिसच्या पेशंटचं डिस्चार्ज कार्ड हातात घ्या. मीठ कमी, दारू बंद, गोळ्या सकाळ-संध्याकाळ. शेवटची ओळ : 'त्रास झाल्यास दाखवणे.' माझा राग या ओळीवर आहे. लिव्हरच्या आत वेदना कळवणाऱ्या नसाच नाहीत. कॅन्सरची गाठ वाढून वरचं आवरण ताणलं गेलं की मग दुखतं. दोन सेंटिमीटरची गाठ सुई घालून जाळता येते, कापून काढता येते. त्रासाची वाट पाहत बसलं तर बहुतेकदा ती वेळ टळून गेलेली असते. लिव्हरचं दुखणं असंच मुकं असतं : अमिताभ बच्चन यांना 'कुली' सिनेमाच्या चित्रीकरणातल्या अपघातानंतर दिलेल्या रक्तातून हिपॅटायटिस बी झाला, आणि कित्येक वर्षं त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

एकट्या एएफपीवर विसंबू नये. कितीतरी लहान गाठी ती वाढवतच नाहीत, उलट हिपॅटायटिस उसळला किंवा गरोदरपण असलं तरी ती वाढते. सोनोग्राफीही एकटी तोकडीच. 2018 च्या एका एकत्रित विश्लेषणात सिरॉसिसमधल्या सुरुवातीच्या गाठींपैकी तिने 45 टक्केच पकडल्या, एएफपी जोडल्यावर 63 टक्के. तरीही फायदा होतो. शांघायमध्ये हिपॅटायटिसग्रस्त 18,816 जणांचे दोन गट करून एका गटाला सहा-सहा महिन्यांनी दोन्ही तपासण्यांना बोलावलं. ठरलेल्यांपैकी जेमतेम 58 टक्के तपासण्या झाल्या, तरी त्या गटात लिव्हरच्या कॅन्सरचे मृत्यू 37 टक्क्यांनी घटले. 2004 मध्ये आलेल्या या अभ्यासावर तज्ज्ञांचे आक्षेप आहेत, पण ते पुढे करून पेशंटला घरी बसवणं मला पटत नाही.

या तपासण्यांतून सहज निसटतात ते हिपॅटायटिस सीमधून बरे झालेले. साधारण 12 आठवडे गोळ्या घेतल्या, व्हायरस गेला, पेढे वाटले. पण सिरॉसिस झालेला असेल तर व्हायरस गेल्यावरही कॅन्सरचा धोका राहतो, कमी झाला तरी संपत नाही. 2018 पासून राष्ट्रीय कार्यक्रमात या गोळ्या सरकार फुकट देतं, त्यासाठी पेशंटची नोंदही ठेवतं. मग शेवटची गोळी देताना त्याच नोंदीत पुढच्या सोनोग्राफीची आणि एएफपीची तारीख टाका, आणि पेशंट आला नाही तर त्याला फोन करा.