रविवारी एकादशी, त्यात कपची मॅच

एर्लांगेनजवळ, जर्मनी
सोमवार, 7 जुलै 2025

ती. बाबा आणि सौ. आईस,


आई, आधी तुझ्या काळजीचं. आषाढी एकादशी कडक पाळली. काल भर दुपारी चार तास मांसाच्या सॉसेजच्या शेगडीपाशी उभा होतो, पण तोंडात पाण्याशिवाय काही गेलं नाही. पत्र लगेच बाजूला ठेवू नकोस, खुलासा पुढे आहे.

बाबा, तिकडं कोल्हापुरात पावसानं शाहू स्टेडियम गप्प असणार आणि तुम्ही कट्ट्यावर बसून गेल्या हंगामातले गोल पुन्हा मारत असणार. म्हणून इकडचा ताजा माल पाठवतो. शनिवार-रविवार आमच्या गावच्या मैदानावर फुटबॉलच्या जिल्हा कपच्या मॅचेस होत्या. चार गावांचे संघ. शनिवारी दोन मॅचेस, रविवारी जिंकलेल्या दोघांची गाठ. कागदावर ही वाट लांबवर जाते. जिल्ह्यातून बव्हेरियाचा कप, तो जिंकला की जर्मन कप. आणि तिथं पहिल्या फेरीत हौशी क्लबचीच यजमानी असते, म्हणजे बायर्न म्युनिकलासुद्धा पाहुणा म्हणून यावं लागतं. आमच्या पोरांनी ही वाट एक मॅच चालून पाहिली.

शनिवारी नव्वद मिनिटांत 1-1. जादा वेळ नाही, थेट पेनल्टी. आमचा गोलकीपर बेकरीत कामाला आहे. पहाटे उठून पाव भाजून आलेला, दुसऱ्या हाफमध्ये खांबाला टेकून डुलक्या घेत होता. त्यानं दोन पेनल्टी अडवल्या. तिसरी सरळ त्याच्या पोटावर येऊन आपटली. तीही त्याच्याच खात्यात जमा झाली.

या पातळीवर लाइन्समन नसतात, रेफ्री एकटा. ऑफसाइडचा प्रसंग एका टोकाला घडतो आणि रेफ्री दुसऱ्या टोकाकडून धापा टाकत येतो. आपल्याकडं एवढ्यावर दोन पेठांनी आठवडा काढला असता. इथं लोक हात वर करतात, काहीतरी पुटपुटतात आणि बिअरचा घोट घेतात. मला वाटलं, काय ही सभ्यता! मग खजिनदारांनी उलगडा केला. प्रत्येक क्लबनं आपल्यातले रेफ्री पुरवायचे असा नियम आहे, कमी पडले तर दंड. म्हणजे आज इथं शिट्टी वाजवणारा दुसऱ्या गावचा कुणाचा तरी काका, आणि त्याच वेळी आमच्या गावचा काका तिसऱ्या गावात बोलणी खात असतो. सगळ्यांचेच काका अडकलेले, मग जीभ आपोआप आवरते.

पण बाबा, खरी मॅच मैदानाबाहेर होते. क्लबच्या खोलीत फळ्यावर कामाची यादी लागते: शेगडी, बिअर, केक, पार्किंग, भांडी. धाकटी लेक लहान मुलांच्या संघात खेळायला लागली आणि आमचं घर त्या यादीत आपोआप चढलं. आम्ही कुठले, देव कुठला, खातो काय, असलं इथं कुणी विचारलं नाही. एकच प्रश्न, शनिवार की रविवार? मी रविवार म्हणालो, तर वाट्याला शेगडी आली. एकादशीला!

मी खजिनदारांना गाठून समजावलं की उद्या माझा उपास आहे, मी सॉसेज खात नाही, चाखतही नाही. वाटलं, भांडी घासायला पाठवतील. तर त्यांचा चेहरा उजळला. म्हणाले, इतक्या वर्षांत शेगडीवरचा एकही माणूस असा मिळाला नाही, दर वेळी दहा-बारा सॉसेज हिशेबात सापडत नाहीत. विठ्ठलाच्या कृपेनं काल एकूण एक सॉसेजचा हिशेब लागला.

केकच्या टेबलावर तुमच्या सुनेनं साबुदाणा वडे ठेवले होते. इथं विक्रीच्या खाण्यावर ॲलर्जीचे घटक लिहून लावतात. तिनं चिठ्ठीवर ठळक लिहिलं, शेंगदाणे आहेत. खाली भर घातली, गहू नाही, अंडं नाही, मांस नाही. मग काय, पथ्यपाणी सांभाळणारा अख्खा गाव तिथं जमला. आपल्या उपासाच्या पदार्थाकडं गर्दीच्या नजरेतून पाहिलं तर तो फारच आधुनिक निघतो. अर्ध्या तासात डबा रिकामा. पाहुण्या संघाच्या कोचनं तर दोनदा रांग लावली आणि तेवढ्यात त्याच्या संघानं त्याच्याविना दोन गोल केले.

हाफटाइमला जुनी खोडं वेस्टेनबर्ग्सग्रोइथची गोष्ट सांगतात. हे आमच्याच जिल्ह्यातलं गाव, वस्ती जेमतेम दीड हजार, औषधी वनस्पती आणि चहाच्या धंद्यासाठी प्रसिद्ध. 14 ऑगस्ट 1994 रोजी जर्मन कपच्या पहिल्या फेरीत या गावच्या क्लबनं बायर्न म्युनिकला 1-0 हरवलं. बायर्न तेव्हा जर्मनीचे चॅम्पियन! गोल रोलांड श्टाइनचा, डोक्यानं. मॅच न्युर्नबर्गच्या मोठ्या स्टेडियमात होती. आता कुणालाही विचारा, तो तिथं होताच. वय विचारून वजाबाकी केली तर काही जण तेव्हा पाळण्यात निघतात. पुढं 1996 मध्ये त्या क्लबचा फुटबॉल विभाग फ्युर्थच्या क्लबात विलीन झाला आणि नावात गावाचं नाव घेऊन गेला, ग्रोइथर फ्युर्थ. बाबा, चहावाल्यांनी बायर्नला पाडलं, ही बातमी कट्ट्यावर माझ्या नावानं सांगा.

आणि भाऊबंदकीत आपला हात कुणी धरणार नाही असं वाटत असेल, तर जवळच्या हेर्त्सोगेनआउराखला या. डासलर बंधू एकत्र बूट करायचे. भांडले आणि वेगळे झाले. एकाचं पूमा, दुसऱ्याचं आदिदास. त्या गावात म्हणे माणसाच्या तोंडाआधी पायाकडं बघायचे, कुठल्या भावाचा बूट आहे ते. आमच्या संघात दोन्ही बूट चालतात. गोल मात्र दोन्हींनी होत नाही.

हो, रविवारचा निकाल: 0-5. वरच्या डिव्हिजनचा संघ होता. शेवटच्या शिट्टीनंतर गावात कुणाचं तोंड उतरलं नाही. तोंडं त्याआधीच उतरली होती, साडेतीन वाजता, पाव संपले तेव्हा. अध्यक्ष स्वतः गाडी काढून निघाले, पण रविवारी इथं दुकानं बंद. शेवटी गोलकीपरनं खेळता खेळता बेकरीच्या किल्ल्या कुठं आहेत ते ओरडून सांगितलं. चौथा गोल तेव्हाच झाला. क्लब समितीच्या बैठकीत आज त्या गोलाची चर्चा नव्हती. पाव वेळेवर मिळाल्याबद्दल त्याचं अभिनंदन झालं.

आता मुद्द्याचं. इथल्या क्लबात दोन प्रकारचे सभासद असतात. सक्रिय म्हणजे खेळणारे. निष्क्रिय म्हणजे वर्गणी भरून बाकावर बसणारे आणि खेळणाऱ्यांना कसं खेळायचं ते सांगणारे. तुम्ही हे काम कोल्हापुरात आयुष्यभर फुकट केलंत. मी तुमचा निष्क्रिय सभासदत्वाचा अर्ज आजच भरून दिला. समितीनं एकमतानं मंजूर केला, फक्त एक अट घातली आहे. पुढच्या वर्षी आलात की रेफ्रीला कोल्हापुरीत काही सांगायचं नाही. मागच्या खेपेला त्याला शब्द कळले नाहीत, पण अर्थ पोचला होता. आणि तो पुढच्या गावचा काका आहे.

आईला सांगा, पुढच्या एकादशीची शेगडीही खजिनदारांनी आत्तापासून माझ्या नावावर लिहून ठेवली आहे.

तुमचा,
धाकटा