रविवारचा वायरमन

जुन्या मोटारीचा डॅशबोर्डवरचा स्विच स्वतः दुरुस्त करत बसणाऱ्या गृहस्थावर सोसायटीत एकच आरोप होतो: माणूस चिक्कू आहे. हा आरोप हिशेबाला टिकत नाही. हेडलाइटचा एक स्विच रुसला म्हणून हा मल्टिमीटर विकत घेतो, कॉन्टॅक्ट क्लीनरचा डबा आणतो. मुंबईत राहत असेल तर कुर्ल्याचा सीएसटी रोड पालथा घालतो. पुण्यात असेल तर नाना पेठेत चौकशा करतो आणि तिथे हात हलवत परतला की जुन्या बाजारात जातो. ह्या खेपांचे पेट्रोल तो कोणत्याच खात्यावर मांडत नाही. खरा चिक्कू माणूस असा वागेल का? तो रात्रीची गाडी काढायचीच बंद करील.

ह्या गृहस्थाला स्विचपेक्षा कारण हवे असते. दिवा लागत नाही म्हणजे स्विच गेला, हे तो पुराव्याशिवाय मान्य करत नाही. फ्यूज पाहिला का? बल्बपर्यंत करंट येतो का? अर्थिंग बॉडीला नीट टेकले आहे का? गंजलेल्या अर्थिंगपायी कितीतरी निरपराध स्विच आजवर भंगारात गेले आहेत, हे तो इतक्या कळवळ्याने सांगतो की ऐकणाऱ्याला सुतक पाळावेसे वाटते. आणि शास्त्र त्याच्या बाजूचे आहे. जुन्या बऱ्याच गाड्यांत हेडलाइटचा सगळा करंट स्विचमधूनच जातो. ५५ वॅटचे दोन दिवे, १२ व्होल्टची बॅटरी, म्हणजे सुमारे नऊ अँपिअर. वर्षानुवर्षे ठिणग्या खाऊन आतले पितळी पॉइंट काळे पडतात, तापतात, भोवतीचे प्लास्टिक वितळते. मध्ये रिले बसवला की तेच काम पाव अँपिअरच्या आत भागते. हॅझार्डचे बटण तर त्याचा आवडता आरोपी. कित्येक गाड्यांत इंडिकेटरचा करंट ह्याच बटणातून पुढे जातो. ते कोणी कधी दाबत नाही, आत किटण चढते आणि इंडिकेटर बंद पडतात. मग गृहस्थ ते बटण वीस-पंचवीस वेळा खटाखट दाबतो आणि इंडिकेटर सुरू होतात. बघणाऱ्यांना हा चमत्कार वाटतो. घासून किटण निघाले, एवढेच झालेले असते. पण चमत्काराचा समज दूर करण्याची घाई तो करत नाही.

लोक म्हणतात, नवा स्विच टाकून मोकळे व्हावे. टाकला असता; पण पद्मिनीचे उत्पादन बंद होऊन दोन तपे उलटली, मारुती ८०० चे उत्पादनही २०१४ साली थांबले. बाजारात मिळतो तो डुप्लिकेट. खाचेत बसतो खरा, पण पावसाळ्यात ढिला होतो. मग गाडी मेकॅनिककडे द्यावी! मेकॅनिककडे अशा रोगावर एकच औषध असते: ‘साहेब, डायरेक्ट करून देतो.’ म्हणजे स्विच वगळून वायरीला वायर जोडायची. पंखा डायरेक्ट, हॉर्न डायरेक्ट. अशी डायरेक्ट झालेली गाडी चालते, पण मालकाला विचारून चालत नाही. पंधरा वर्षांनी पासिंगला न्यायची वेळ आली की ही सगळी डायरेक्ट मंडळी उघडी पडतात. त्या दिवशी ह्या गृहस्थाची गाडी ताठ मानेने रांगेत उभी असते.

आग लागेल, हा आक्षेप मात्र खरा आहे. दहा अँपिअरचा फ्यूज वारंवार उडतो म्हणून तिथे तांब्याची तार गुंडाळणारे महाभाग ह्याच पंथात आहेत, आणि त्यांच्या हातून पकड काढून घेतलेली बरी. मुरलेला गृहस्थ आधी बॅटरीची निगेटिव्ह काढतो, मगच डॅशबोर्डाखाली डोके घालतो. कुटुंबाची तक्रारही रास्त आहे: लग्नाला निघायच्या दिवशीच वायरींचा जुडगा मांडीवर घेऊन बसण्याचे कारण काय? ह्यावर त्याच्यापाशी उत्तर नाही, माझ्यापाशीही नाही. पण अखेर काम फत्ते होते, आणि भर दुपारच्या उन्हात हेडलाइट लावून तो गॅलरीकडे ओरडतो, ‘लागले का गं?’ त्या उन्हात तिसऱ्या मजल्यावरून काय दिसणार? तरी पोळ्या लाटता लाटता आतूनच उत्तर येते, ‘लागले, लागले. आता वर या.’