घण, तेल आणि सल्लागार

२०१८ च्या मार्चमध्ये गोव्यातल्या खाणी बंद पडल्या आणि माझ्या मावसभावाचा पोकलेन डिचोलीहून इब्रामपूरला येऊन परसात बसला, तो बसलाच. चेनमध्ये खाणीचा लाल चिखल तसाच, आणि वरून वर्षाला शंभर इंचांवर पाऊस. यंदा भावाला तो विकायची बुद्धी झाली. इंजिन भलतंच गुणी, चटकन सुरू झालं. पाय मात्र जाम.

गंज म्हणजे लोखंडाचा क्षय, असं आपण समजतो. क्षय कसला, ते बाळसं! गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा अडवतो. त्यामुळे पिन बुशमध्येच फुगून बसते आणि चेनची कडी वाकायला नकार देते. पोकलेनच्या चुलतभावाची, रणगाड्याची, दशा आणखी बिकट. अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात त्याच्या चाकांच्या स्प्रिंगांच्या दोन्ही तऱ्हा बघायला मिळतात. सेंच्युरियनच्या स्प्रिंगा बाहेरून बोल्टांनी जोडलेल्या, त्यामुळे निदान हात तरी पोचतो. पॅटनच्या पोटातून मात्र पीळ खाणाऱ्या आडव्या सळ्या जातात. गंजलेली तसली सळी उपसायची म्हणजे पैलवानालाही घाम फुटेल. आमचं नशीब, भावाने पॅटन घेतला नव्हता.

बातमी फुटली आणि सल्लागार जमले. एकाने खोबरेल आणलं. दुसरा म्हणाला, "भाऊ, उर्राक ओत, सुटतली." त्या दारूची बाटली पिनेपर्यंत पोचलीच नाही. तिसऱ्याने काजूच्या टरफलाचं तेल सुचवलं. ते ब्रेकच्या अस्तरात वापरतात. म्हणजे धावणारी गाडी थांबवायला. आमची आधीच थांबलेली!

शेवटी मेस्त्री आले. त्यांनी डिझेल पाजून पिना मुरत ठेवल्या आणि निघून गेले. पुन्हा उगवले ते गॅसची नळी घेऊन. पिनेला नव्हे, भोवतालच्या कडीला तापवायचं. पन्नास मिलिमीटरचं भोक तीनशे अंशांनी तापवलं, तर जेमतेम ०.१८ मिलिमीटर रुंदावतं. एवढ्या फटीसाठी एवढा जाळ! पण तेवढं पुरतं, मग घण.

चेनचा ताण काढताना मात्र मेस्त्री ओरडले, "तोंड बाजूला घ्या!" तो ताण सिलिंडरात दाबून भरलेल्या ग्रीसचा असतो. झडप एकदम उघडली तर ते गोळीसारखं सुटतं, म्हणून एका बाजूला उभं राहून ती हळूहळू सैल करायची. उर्राकवाला नेमका झडपेसमोर वाकून बघत होता. त्याला सदऱ्याला धरून ओढावं लागलं, त्याचा राग त्याला अजून आहे.

उजवी चेन सुटली. डावी अजून हटून आहे, त्यामुळे पोकलेन तिच्याभोवती गोल गोल फिरतो. गिऱ्हाईक असेल तर कळवा. आणि सल्ला द्यायला येणार असाल, तर येताना स्वतःचा घण घेऊन या.